बिबट्याचे पिल्लू नव्हे, ही तर वाघाटी!

कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर आळेफाटा मागे टाकून पूर्वेकडे निघाले, की राजुरीच्या शिवारात उसाचे मळे दिसू लागतात. दिवाळी उलटली, की या मळ्यांत ऊसतोड कामगारांच्या टोळ्या उतरतात, कोयते चालू लागतात आणि वर्षभर मिटलेले एक जग हळूहळू उघडे पडते. एखाद्या दिवशी सरीतल्या पाचटाच्या गादीवर ठिपक्याठिपक्यांची दोन-तीन इवलीशी पिल्ले आढळतात. 'बिबट्याची पिल्ले सापडली' अशी हाकाटी होते. तोड थांबते, बांधावर गर्दी जमते, छायाचित्रे काढली जातात आणि ती तासाभरात तालुकाभर पोहोचतात. वन विभागाचे कर्मचारी येऊन पाहणी करतात, तेव्हा काही वेळा वेगळीच गोष्ट समोर येते. ही पिल्ले बिबट्याची नसतातच. ती असतात वाघाटीची, म्हणजे जगातील सर्वांत लहान रानमांजराची.

बिबट्यांमुळे जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके राज्यभर ओळखले जातात. त्याच उसात, त्याच बांधावर आणि त्याच अंधारात दीड किलोचे एक रानमांजर निमूटपणे संसार करीत आहे, याची कल्पना मात्र पुण्या-मुंबईतील वाचकांना तर नाहीच, पण खुद्द या भागातील अनेकांनाही नसते. पिल्लांची ओळख चुकते आणि चुकीच्या ओळखीतून केलेली मदत त्यांच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच हा प्राणी कोण, तो उसात का आला आणि त्याची पिल्ले सापडल्यास काय करायचे, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे.

नाव भाजीचे, ओळख रानाची

वाघाटी म्हटले, की अनेकांना आषाढी एकादशीचा उपवास सोडताना द्वादशीला केली जाणारी वाघाटीच्या फळांची भाजी आठवते. याच नावाचे मांजर असते, हे सांगितले तर ऐकणाऱ्याला नवल वाटते. काही भागांत अंगावर ठिपके असलेल्या इतर रानमांजरांनाही लोक वाघाटीच म्हणतात, त्यामुळे गोंधळात आणखी भर पडते. या लेखातील वाघाटी म्हणजे अंगावर गंजासारखे तांबूस ठिपके असलेले छोटे रानमांजर होय.

शास्त्राला या प्राण्याची ओळख झाली ती १८३१ मध्ये. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ इसिदोर जोफ्रॉय सेंट-हिलेर यांनी पाँडिचेरीहून, म्हणजे आजच्या पुदुच्चेरीहून मिळालेल्या नमुन्यावरून त्याचे वर्णन केले. त्याचे आजचे शास्त्रीय नाव 'प्रायोनेल्युरस रुबिजिनोसस' असे आहे. त्यातील दुसऱ्या शब्दाचा लॅटिन भाषेतील अर्थच 'गंजाच्या रंगाचा' असा होतो.

पूर्ण वाढ झालेल्या वाघाटीचे वजन साधारण एक ते दीड किलो भरते. डोके आणि धड मिळून लांबी सुमारे ३५ ते ४८ सेंटीमीटर असते आणि शेपूट त्याच्या जवळपास निम्मे. घरातील मांजराचे वजन साडेतीन-चार किलो असते हे लक्षात घेतले, तर वाघाटी त्याच्या निम्म्यानेही भरत नाही. दक्षिण आफ्रिकेतील काळ्या पायांचे मांजर आकाराने तिच्या जवळपास येते. तरीही जगातील सर्वांत लहान रानमांजर हा मान सहसा वाघाटीलाच दिला जातो.

भारतात पूर्वापार नांदत आलेल्या मार्जारकुळातील रानटी प्रजातींची संख्या १५ आहे. वाघ आणि सिंह हे या कुळाचे एक टोक, तर वाघाटी हे दुसरे. तिचा वावर जगात केवळ भारत, श्रीलंका आणि नेपाळच्या पश्चिम तराईत आढळतो. याचा अर्थ, या प्रजातीचे भवितव्य प्रामुख्याने भारतातच ठरणार आहे. वाघाच्या संख्येवर देशभर चर्चा होते, सिंहाची गणना होते, पण या सर्वांत लहान मार्जाराचे नाव त्या चर्चेत क्वचितच ऐकू येते.

आकार लहान असला, तरी स्वभाव लहान नाही. डॉ. टी. सी. जर्डन या ब्रिटिशकालीन निसर्ग अभ्यासकांना १८४६ मध्ये वाघाटीचे एक पिल्लू मिळाले होते. ते माणसाळले, घरच्यांचे लाडके झाले. आठेक महिन्यांचे झाल्यावर त्यांनी ते चिंकाऱ्याच्या एका पाडसाजवळ सोडले. दिसताक्षणीच त्या मांजराने पाडसावर झेप घेऊन त्याची मान पकडली आणि त्याला सोडवताना बरीच खटपट करावी लागली, अशी नोंद जर्डन यांनी करून ठेवली आहे. वाघाटीचे पिल्लू घरी पाळण्याचा मोह होणाऱ्यांनी ही पावणेदोनशे वर्षांपूर्वीची हकिगत अवश्य लक्षात ठेवावी.

बिबट्या की वाघाटी?

पिल्लांच्या बाबतीत गोंधळ का होतो, याचे उत्तर त्यांच्या अंगावरील खुणांतच आहे. प्रौढ वाघाटीच्या अंगावर तांबूस ठिपके असतात. नवजात पिल्लाच्या अंगावर मात्र काळपट ठिपक्यांच्या ओळी असतात आणि तांबूस छटा पुढे वाढीबरोबर येते. उसाच्या अर्धवट उजेडात काळ्या ठिपक्यांचे पिल्लू दिसले आणि मनात आधीच बिबट्या घर करून असला, की दुसरे काही सुचत नाही.

प्रत्यक्षात दोघांतील फरक मोठा आहे. पहिला फरक वजनाचा. वाघाटीचे पिल्लू जन्मतः ६० ते ७७ ग्रॅमचे असते, म्हणजे एखाद्या मध्यम आकाराच्या कांद्याएवढे. बिबट्याचे नवजात पिल्लू साधारण अर्ध्या किलोचे असते. म्हणजे बिबट्याच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचे वजन पूर्ण वाढ झालेल्या वाघाटीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी नसते. डोळे उघडलेले, चालू लागलेले पिल्लू तळहातावर मावत असेल, तर ते बिबट्याचे असण्याची शक्यता जवळजवळ नाही.

दुसरा फरक पंजांचा. बिबट्याच्या पिल्लाचे पंजे शरीराच्या मानाने जाड, रुंद आणि बोजड दिसतात. वाघाटीचे पाय नाजूक असतात आणि तळवे काळे असतात. तिसरी खूण शेपटीची. बिबट्याच्या शेपटीवर शेवटपर्यंत ठिपके असतात, तर वाघाटीची शेपूट बरीचशी एकरंगी, ठिपक्यांवाचून असते. चौथी आणि सर्वांत उपयोगी खूण चेहऱ्यावर आढळते. वाघाटीच्या दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कडांपासून कपाळाकडे जाणारे दोन ठळक पांढरे पट्टे असतात आणि डोक्यावरून मानेकडे गडद रेषा गेलेल्या असतात. कान लहान आणि गोलसर असतात.

बाऊल नावाचे दुसरे रानमांजरही या परिसरात आढळते. ते आकाराने घरातील मांजराहून मोठे असते, त्याचे पाय लांब असतात आणि प्रौढ बाऊलच्या अंगावर ठिपके नसतात. त्याच्या पिल्लांच्या अंगावर मात्र पुसट पट्टे असतात, त्यामुळे तेथेही फसगत होऊ शकते.

ही माहिती दुरून पाहण्यासाठी आणि छायाचित्र पडताळण्यासाठी आहे, पिल्लू हातात घेऊन तपासण्यासाठी नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. पिल्लू खरोखर बिबट्याचे असेल, तर मादी त्याच उसात काही पावलांवर दबून बसलेली असू शकते.

रानातून उसात

वाघाटी हा मूळचा कोरड्या पानझडी जंगलांतील, झुडपी माळरानांतील आणि खडकाळ टेकड्यांतील प्राणी. मग तो उसात कसा आला?

जुन्नर-आंबेगावचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कुशीतील, भरपूर पावसाचा. राजुरीचा समावेश असलेला पूर्व भाग मात्र कमी पावसाचा. कुकडी प्रकल्पाने हे चित्र बदलले. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावातील डिंभे या धरणांचे पाणी कालव्यांतून शिवारात फिरले आणि जिराईत जमिनी बागायती झाल्या. जुन्नरला विघ्नहर आणि आंबेगावला भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि उसाचे क्षेत्र वाढत गेले.

ऊस हे वन्य प्राण्याच्या दृष्टीने विलक्षण पीक आहे. सुरू उसाला बारा महिने लागतात, तर आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने रानात उभा असतो. माणसापेक्षा उंच, दाट, आत सावली, कायम ओलावा आणि महिनोन्महिने फारशी वर्दळ नाही. जणू एखादे झुडपी जंगलच. त्यात पाचट आणि धान्य यांच्या आधाराने उंदीर-घुशी मुबलक वाढतात. लहान शिकारी प्राण्याला आणखी काय हवे? लपायला आडोसा, पिल्ले घालायला निवारा आणि दाराशी अन्न.

बिबट्याही याच कारणांमुळे उसात स्थिरावला, फरक फक्त भक्ष्याचा. बिबट्या वस्तीवरील कुत्री, शेळ्या यांवर जगतो, वाघाटी उंदरांवर.

शेतीच्या प्रदेशात हे प्राणी खरोखर राहतात, की केवळ येता-जाता दिसतात, या प्रश्नाचे उत्तर शेजारच्या अकोले तालुक्यातील अभ्यासाने दिले. वन्यजीव शास्त्रज्ञ विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात स्वयंचलित कॅमेरे लावून पाहणी केली. तेथे लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक आहे आणि जंगल जवळजवळ नाही. तरीही १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच बिबटे आणि तेवढेच तरस तेथे असल्याचा निष्कर्ष निघाला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाची चर्चा बिबट्यांमुळे झाली. पण त्याच कॅमेऱ्यांत कोल्हा, खोकड, बाऊल, जवादी मांजर आणि मुंगूस यांच्याबरोबर वाघाटीचीही छबी टिपली गेली होती. त्यापूर्वी, २०१० मध्येच, वाघाटी आपण समजतो त्यापेक्षा अधिक प्रमाणात आढळणारा प्राणी असावा काय, असा प्रश्न अत्रेय यांनी पश्चिम महाराष्ट्रातील नोंदींच्या आधारे उपस्थित केला होता.

माणसाच्या शेजारी राहणे वाघाटीला नवे नाही. दक्षिण भारतात भातशेती आणि नारळाच्या बागांनी वेढलेल्या घरांच्या माळ्यावर वाघाटीने पिल्ले वाढवल्याच्या नोंदी आहेत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत पूर्वी 'असुरक्षित' गणला जाणारा हा प्राणी २०१६ मध्ये 'संकटसमीप' गटात ठेवण्यात आला. संकट टळले, असा याचा अर्थ नव्हे. मूळ अधिवास कमी होत चालला आहे आणि शेतीतील अधिवास दर हंगामात कोयत्याखाली जातो, हे वास्तव कायम आहे.

अंधारातला शेतमजूर

वाघाटी निशाचर आहे. दिवसभर ती झाडाच्या ढोलीत, दाट झुडपात किंवा उसात पडून राहते आणि अंधार पडल्यावर बाहेर निघते. उंदीर हे तिचे मुख्य अन्न. त्याखेरीज लहान पक्षी, पाली-सरडे, बेडूक आणि कीटकही ती खाते. झाडावर ती सराईतपणे चढते. कधीतरी एखाद्या खुराड्यातील कोंबडीच्या पिल्लावर तिची नजर जाते, तेवढाच काय तो माणसाला होणारा उपद्रव. माणसावर हल्ला करणे हे तिच्या आवाक्यातीलच नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले, तर हे मांजर म्हणजे बिनपगारी रखवालदारच. उसाची कांडी कुरतडणाऱ्या, बांध पोखरणाऱ्या आणि साठवलेल्या धान्यावर ताव मारणाऱ्या उंदरांचा फडशा पाडण्यासाठी शेतकरी विषारी गोळ्यांवर पैसे खर्च करतो. तेच काम वाघाटी, घुबड आणि धामण फुकट करीत असतात.

मादीचा गर्भकाळ ६५ ते ७० दिवसांचा असतो. एका वेळी एक ते तीन पिल्ले होतात. उंदरासारखे डझनावारी प्रजनन तिला जमत नाही. त्यामुळे प्रत्येक पिल्लाला मोल आहे. पिल्ले लहान असताना ती त्यांना आडोशाला ठेवून शिकारीला जाते. नर संगोपनात मदत करीत नाही. म्हणूनच उसात पिल्ले एकटी दिसली, याचा अर्थ आई त्यांना सोडून गेली असा होत नाही. बहुधा ती कामगारांच्या चाहुलीने दूर झालेली असते आणि अंधाराची वाट पाहत असते.

भीती खोटी नाही

ठिपक्यांचे पिल्लू पाहून या भागातील माणूस दचकतो, यात त्याचा दोष नाही. जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात आणि या चारही तालुक्यांनी बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गमावली आहेत. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात झालेल्या हल्ल्यांत लहान मुलांचाही बळी गेला, तेव्हा उसळलेला संताप राज्याने पाहिला. ज्या घरातील मूल अंगणातून उचलले गेले, त्या घराला सहजीवनाचे धडे देण्याचा अधिकार शहरात बसून बोलणाऱ्यांना नाही.

मात्र याच जुन्नरने देशाला एक महत्त्वाचा धडाही दिला आहे. २००१ मध्ये येथे बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याची मोहीम सुरू झाली. तीन वर्षांत २९ बिबटे सरासरी सुमारे ४० किलोमीटर अंतरावर नेऊन सोडण्यात आले. हेतू चांगला होता, परिणाम उलटा झाला. १९९३ ते २००१ या काळात माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी चार होते, ते २००१ ते २००३ या काळात सरासरी १७ वर गेले. त्यांतील जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाणही १८ टक्क्यांवरून ३६ टक्के झाले. अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात ही आकडेवारी मांडली आहे. ओळखीचा परिसर हरवलेले, माणसाच्या हाताळणीतून गेलेले जनावर अनोळखी मुलखात अधिक धोकादायक ठरू शकते, हे त्यातून पुढे आले.

वाघाटीच्या पिल्लांशी याचा संबंध असा, की प्राणी जेथे आढळला तेथून उचलला म्हणजे प्रश्न सुटतो, ही आपली समजूतच मुळात तपासून पाहण्याजोगी आहे. बिबट्याच्या बाबतीत उचलण्याची किंमत माणसांनी मोजली. वाघाटीच्या बाबतीत ती पिल्ले मोजतात. आईविना वाढलेल्या पिल्लाला उंदीर पकडायला कोण शिकवणार? कुत्र्यापासून पळायचे कसे, दिवसा दडायचे कोठे, हे पिंजऱ्यात शिकता येत नाही. गाईचे दूध पाजून, कापसात गुंडाळून, खोक्यात ठेवलेले पिल्लू अनेकदा जगत नाही. जगले तरी रानात परतण्याची त्याची शक्यता फार थोडी उरते.

आईच्या स्वाधीन

जुन्नरजवळ माणिकडोह येथे २००२ मध्ये बिबट निवारा केंद्र सुरू झाले. वन विभागाचे हे केंद्र 'वाइल्डलाइफ एसओएस' या संस्थेच्या सहकार्याने चालते. जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांची देखभाल हे त्याचे मुख्य काम. त्याबरोबरच ऊसतोडीच्या हंगामात सापडणारी पिल्ले आईकडे परत पोहोचवण्याचे काम या केंद्राचे पशुवैद्यक आणि वन कर्मचारी करीत आले आहेत. यात बिबट्यांची पिल्ले असतात, तशी वाघाटीचीही असतात.

ही पद्धत वरवर साधी दिसते, पण तिला संयम लागतो. खबर मिळताच पथक शेतावर पोहोचते. पशुवैद्यक पिल्लांची तपासणी करतात. जखम आहे का, गोचिडी आहेत का, अंगात पाणी कमी झाले आहे का, हे पाहिले जाते. पिल्ले धडधाकट असतील, तर सायंकाळ होताच ती जेथे सापडली त्याच जागी खोक्यात किंवा क्रेटमध्ये ठेवली जातात. भोवती स्वयंचलित कॅमेरे लावून माणसे दूर होतात. अंधार पडल्यावर मादी येते, अंदाज घेते, क्रेटमध्ये डोकावते आणि एकेका पिल्लाला मानेच्या कातडीला धरून सुरक्षित जागी नेते. पहिल्या रात्री ती आली नाही, तर दुसऱ्या रात्री पुन्हा प्रयत्न केला जातो.

या साऱ्यात निर्णायक ठरते ती जागा आणि वेळ. पिल्ले नेमक्या कोणत्या सरीत सापडली, हे सांगणारा माणूस हवा. शेतकऱ्याने तेवढा तुकडा एक-दोन रात्री तोडायचा ठेवला पाहिजे. गर्दी पांगली पाहिजे. कारखान्याची तोड ठरलेली, टोळीची मजुरी टनावर, वाहन उभे, अशा स्थितीत काम थांबवणे म्हणजे कामगाराच्या खिशाला चाट. तरीही हे काम थांबवले जाते, तेव्हाच हे पुनर्मीलन शक्य होते. त्याचे श्रेय जितके वन विभागाला आणि संस्थेला, तितकेच कोयता खाली ठेवणाऱ्या त्या कामगारांना आणि थांबायला तयार होणाऱ्या शेतकऱ्याला दिले पाहिजे.

पिल्ले दिसल्यास काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे हात लावू नये. पिल्लू बिबट्याचे की वाघाटीचे, या वादात वेळ घालवू नये. शांतपणे मागे सरून तेथील तोड थांबवावी आणि लहान मुले व कुत्री दूर न्यावीत.

दुसरे म्हणजे जागेची खूण करून ठेवावी. जवळच्या उसाला कापडाची चिंधी बांधली, तरी पुरे.

तिसरे म्हणजे लगेच वन विभागाला कळवावे. राज्याच्या वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ हा आहे. स्थानिक वनरक्षकाचा दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायतीत आणि टोळीच्या मुकादमाकडे आधीच असावा.

चौथे म्हणजे दूध पाजू नये, पाणी तोंडात ओतू नये, घरी किंवा वाहनात नेऊ नये. भोवती घोळका करून छायाचित्रे काढत बसू नये. ठिकाणाच्या नावासह ती प्रसारित तर मुळीच करू नयेत.

कायद्याची बाजूही माहीत असावी. वाघाटीला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तिचा दर्जा वाघ-बिबट्याच्या बरोबरीचा आहे. तिला पकडणे, मारणे, पाळणे किंवा विकणे हा गुन्हा असून त्यासाठी तीन ते सात वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. ठिपक्यांचे सुंदर पिल्लू म्हणून कोणी ते विकत देऊ लागल्यास शहरातील वाचकांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

तोडीनंतरचे धोके

पिल्ले आईकडे पोहोचली, म्हणजे सारे काही सुरळीत झाले, असे नाही. ऊस तुटल्यावर वाघाटीला दुसरा आडोसा शोधत बांध, ओढे आणि रस्ते ओलांडावे लागतात. वाढत्या वाहतुकीचे महामार्ग अशा लहान प्राण्यांसाठी फार मोठा धोका ठरतात. रात्रीच्या दिव्यांनी दिपलेले दीड किलोचे जनावर भरधाव वाहनचालकाला दिसतही नाही आणि सकाळी कोणीतरी 'मांजर मेले' म्हणून पुढे जातो.

मोकाट कुत्री हा दुसरा धोका. तिसरा, पाचट पेटवून देण्याची पद्धत. आगीत पळता न येणारी पिल्ले, सरपटणारे प्राणी आणि जमिनीवर अंडी घालणारे पक्षी होरपळतात. पाचट न जाळता ते शेतातच कुजवण्याचा सल्ला कृषी शास्त्रज्ञ जमिनीच्या आरोग्यासाठी देत आले आहेत. तो पाळला, तर जमीन सुधारते आणि वाघाटीचे घरही वाचते. चौथा धोका उंदीरनाशकांचा. विष खाल्लेला उंदीर ज्याच्या पोटात जातो, त्यालाही ते बाधू शकते. पाचवा धोका दिसत नाही, पण गंभीर आहे. वस्तीलगत राहणाऱ्या वाघाटीचा घरातील मांजरांशी संकर होण्याची, तसेच त्यांचे आजार तिला जडण्याची शक्यता अभ्यासकांना वाटते.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वाघाटींच्या बंदिस्त प्रजननाचा प्रयत्न हाती घेण्यात आला. अशा प्रयत्नांचे महत्त्व आहेच. परंतु जे रानमांजर आपण होऊन उसाच्या सरीत पिल्ले घालते, त्याला जागच्या जागी राहू देणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचे संवर्धन आहे. त्यासाठी अभयारण्य जाहीर करावे लागत नाही, की कोणाची जमीन घ्यावी लागत नाही.

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला बिबट्यापासून संरक्षण मिळालेच पाहिजे. रात्री शेताला पाणी देण्याऐवजी दिवसा वीज, वस्त्यांवर दिवे, बंदिस्त गोठे आणि वन विभागाची पुरेशी पथके या त्याच्या मागण्या रास्त आहेत. त्या पूर्ण झाल्या, तर ठिपके दिसताच उठणारी भीतीची लाटही ओसरेल आणि बिबट्याच्या नावावर वाघाटीला सोसावा लागणारा त्रासही कमी होईल. भयमुक्त माणूसच नीट निरखून पाहू शकतो. आणि नीट निरखून पाहिले, तर डोळ्यांजवळचे ते दोन पांढरे पट्टे दिसतात.

यंदाच्या हंगामातही राजुरीच्या शिवारात कोयते चालतील आणि कोठेतरी पाचटाखाली हलणारी पिल्ले दिसतील. 'बिबट्या, बिबट्या' अशी आरोळी उठण्याआधी एखाद्या कामगाराने 'थांबा, ही वाघाटी असेल' एवढे म्हटले, तरी ती संध्याकाळ पिल्लांना त्यांच्या आईजवळ घालवता येईल.